हरल्यानंतरचा भाग

दादाच्या गळ्यात व्हॉलीबॉलची एक अख्खी टीम राहत होती. टीम जपानी, पण बोलायची आमच्या खाडीकाठची भाषा. मोबाइलवर कार्टून चालू असायचं, त्यातल्या मुली त्यांच्या भाषेत काहीतरी चिवचिवायच्या, खाली इंग्रजी अक्षरं पळायची, आणि दादा ती अक्षरं वाचून प्रत्येकीला वेगळा आवाज द्यायची. उंच मुलीला घोगरा, बुटकीला किनरा, त्यांच्या सरांना नाकातला. मोबाइलचा आवाज बंद आणि दादाचा सुरू. कार्टूनमधली कप्तान चिडली की दादा म्हणायची, "काय गो भवाने, डोळे काय घरी ठेवून आलीस?" जपानमध्ये कोणी कोणाला भवाने म्हणत असेल का, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच कधी पडला नाही.

दादा म्हणजे मुलगी, हे आधीच सांगून टाकते. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं फुलाचं नाव होतं. ती बारावीत होती, आमच्या मुलींच्या टीमची कप्तान, आणि मी अकरावीत नवीन आलेली. पहिल्या दिवशी मी तिला ताई म्हणून हाक मारली तर तिनं हातातला चेंडू काखेत धरला आणि मला सरळ सांगितलं, "ताई नको म्हणू. ताई म्हटला की लोक लगेच ताटं वाढायला सांगतात. दादा म्हण. दादाला कोण काम सांगत नाय." तेव्हापासून ती सगळ्यांची दादा. पुढे पुढे सरसुद्धा हजेरी घेताना अडखळायचे.

मी वरच्या, कातळावरच्या गावातली. आमच्याकडे भात, नाचणी आणि गुरं, वडील मुंबईत. शाळेला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजसाठी मी रोज बसनं मालगुंडच्या बाजूला खाली उतरायची. दादाचं घर खाडीला लागून, वडिलांची छोटी होडी, आई बाजारात मासळी विकायची. आमचं खेळायचं मैदान म्हणजे मासळी सुकवायची जागा. सकाळी बायका तिथं जवळा पसरायच्या, दुपारी तो उचलला की जागा आमची. मी नाकाला रुमाल लावून उभी राहिलेली बघून दादा म्हणाली, "वास येतो? येऊ दे. आठवडाभरात तुझाच यायला लागेल." आणि आला. आईनं मला घरात घेण्याआधी विहिरीवर पाठवायला सुरुवात केली.

शाळेचं जाळं उंदरांनी खाल्लं होतं. सर गणिताचे, खेळ त्यांच्या गळ्यात पडलेला. "नवीन मागवतो," म्हणाले. सरांचं मागवतो म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. मग दादानं वडिलांच्या होडीचं एक जुनं मासेमारीचं जाळं घेतलं, हवं तेवढं कापलं, वरच्या कडेनं दोर ओवला आणि सुरूच्या दोन वाशांना बांधलं. तिला त्या जाळ्याचा फार अभिमान होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मी बांधलंय. वरचा दोर ताठ होता, खालची कड मात्र मोकळी. चेंडू त्यात गेला की जाळं त्याला पोटात घ्यायचं आणि अलगद पायाशी सोडायचं. चेंडू जाळ्यात गेला म्हणजे गेला, असं आमच्या अंगातच मुरलं. आम्ही पाठ फिरवायचो आणि पुढच्या सर्व्हिससाठी आपापल्या जागेवर जायचो.

खेळून झालं की कार्टून. वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवायचा आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याभोवती डोकी घालायची. रेंज फक्त शाळेच्या टाकीपाशी मिळायची, म्हणून दादा मधल्या सुट्टीत तिथं उभी राहून भाग उतरवून घ्यायची. जपानी नावं आमच्या जिभेवर बसेनात, तेव्हा तिनं सगळ्यांची बारशी केली. कप्तान ती सुमन. बुटकी, घाबरट, नवीन आलेली ती बारकी. बाकावर बसून पेंगणारे ते डुलकी सर. गोष्ट साधी होती. एका लहानशा बंदरातली शाळा, कोणाच्या खिजगणतीत नसलेली टीम, आणि सुमनचं शाळेतलं शेवटचं वर्ष.

दादाची एक सवय मला आधी विचित्र वाटायची. समोरच्या टीमच्या मुलींनासुद्धा ती तितक्याच मायेनं आवाज द्यायची. आम्हाला वाटायचं, दुश्मनांचं कशाला इतकं ऐकायचं. एकदा समोरच्या टीमची एक मुलगी घरी आजीला औषध देताना दाखवली होती. आमची प्राजू, म्हणजे आमची स्मॅश मारणारी, कंटाळून म्हणाली, "हिचा काय बघायचा, मॅच दाखव की." दादानं भाग थांबवला. "ती पण कोणाची तरी पोर हाय ना? तिला काय हरायला पाठवलानी घरच्यांनी?" मग पुन्हा सुरू केला आणि त्या आजीचा आवाजही काढला, खोकल्यासकट. पुढच्या भागात त्या मुलीची टीम हरली तेव्हा आम्हाला टाळ्या वाजवाव्यात की नाही तेच कळेना.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. एका भागात बारकीचा पास चुकून जाळ्यात गेला. चेंडू जाळ्यावर आपटला, उसळून परत आला, आणि सुमननं जमिनीवर झोपून तो उचलला. आम्ही खो खो हसलो. त्या कार्टूनमधल्या मुली उडी मारली की बराच वेळ हवेतच असायच्या, हवेत असतानाच मनातल्या मनात आईला सगळं सांगून घ्यायच्या. त्यातलीच ही आणखी एक थाप, असं आम्हाला वाटलं. "जाळ्यातनं कधी कोण परत येतो काय?" दादा म्हणाली. मासेमारांच्या घरात वाढलेली पोर ती. तिलाही ते खोटंच वाटलं.

मग तो भाग आला. सुमनची टीम हरली. मोठ्या मॅचमध्ये, अगदी थोडक्यात, आणि सुमनचं तिथंच संपलं. प्राजूनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हरल्या ना? मग आता काय उरला बघायला? पुढची मॅच कधी हाय तो भाग लाव." दादानं तिचा हात मोबाइलवरून बाजूला केला. "थांब गो. आता तर खरी गोष्ट सुरू होते."

त्या पुढच्या भागात मॅच नव्हतीच. मुली एका खानावळीत जातात आणि रडत रडत जेवतात. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, आणि कोणीच कोणाला काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सुमन शाळेच्या हॉलमध्ये येते. आता तिचं तिथं काही काम नाही. ती फरशी पुसते, जाळं गुंडाळून ठेवते, आणि हवा भरायच्या पंपाची सुई कुठं ठेवलेली असते ते बारकीला दाखवते. बस, एवढंच. माझ्या लक्षात आलं की त्या भागात सुमनला आवाज देताना दादा घोगरा गळा काढत नव्हती. स्वतःच्याच आवाजात बोलत होती. "ही सुई हरवू नको. हरवलीस तर सगळा वर्षभर चेंडू नरम राहील." तो भाग तिनं आम्हाला किती वेळा दाखवला असेल याला हिशेब नाही. पाठ झाला होता.

माझा मुंबईचा मावसभाऊ एकदा म्हणाला, मोठ्या घोड्या झालात आणि कार्टून काय बघता. मी त्याला चांगलं झापलं होतं. आता विचारलं तर शांतपणे सांगेन. जिंकून मोठं झालेलं मी अजून कोणाला पाहिलं नाही. जिंकलं की माणूस आहे तिथंच उड्या मारतो. आमच्या कार्टूनला हे कळलं होतं. तिथं पोरी मॅचमध्ये खेळायच्या आणि मोठ्या व्हायच्या त्या मॅच संपल्यावर, फरशी पुसताना. बारकी शेवटी धीट होते ती कुठला चषक उचलून नाही. सुमन गेल्यावर ती सुई तिच्या ताब्यात येते म्हणून. हे मला त्या वेळी असं मांडता आलं नसतं. दादाला मांडायची गरजच नव्हती.

दादाचंही ते शेवटचं वर्ष होतं. तिला पुढं शिकून खेळाची बाई व्हायचं होतं, म्हणजे शाळेत शिट्टी गळ्यात घालून फिरणारी. त्यासाठी कोल्हापूरला जावं लागणार होतं. त्या वर्षी खाडीत आणि बाहेरही मासळी नव्हती. तिचे वडील, आम्ही त्यांना काका म्हणायचो, कमी बोलणारे. ते तिला म्हणाले, "जिल्ह्यात पहिल्या आलात तर जा, मी कसा तरी बघीन. नायतर मिरजोळ्याला कंपनीत लाग." कंपनी म्हणजे कोळंबी सोलून गोठवायची. यात काकांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. आणि दादा खूशच झाली होती. "हो म्हटलानी," असं सगळ्यांना सांगत सुटली. अट होती ते सांगायची विसरायची.

तालुक्याला आम्ही सहज जिंकलो. तिथं मैदानात जुनं, लोंबलेलं जाळं होतं, आमच्यासारखंच. मग जिल्ह्याच्या मॅचेस, रत्नागिरीत. फायनलला दुसऱ्या तालुक्याच्या शहरातल्या एका कॉलेजची टीम समोर. त्यांचे बूट सारखे, मोजे सारखे. सर म्हणाले, "घाबरू नका," आणि स्वतःच घाबरलेले दिसत होते. आम्ही घाबरलो नव्हतो. प्राजूचा हात नुसता आग ओकत होता त्या दिवशी, आणि दादा तिला असे चेंडू उचलून देत होती की समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या.

पण त्यांची सर्व्हिस जोरात यायची. आमचा पहिला पास कधी कधी भलतीकडे उडायचा आणि जाळ्यात जायचा. अजून दोन वेळा हात लावता येतो, खेळ चालू असतो. आम्ही मात्र पाठ फिरवायचो. आणि मागे चेंडू पडल्याचा आवाज यायचा, जिथं पडायला नको तिथं, मैदानाच्या मध्यावर. नवीन, ताठ ताणलेलं जाळं ते. चेंडू परत देत होतं. सर ओरडत होते, "अगं उचला, उचला," पण अंगात मुरलेलं एका दुपारी निघत नाही. शेवटच्या सेटमध्ये, अगदी शेवटच्या पॉइंटला, पास पुन्हा जाळ्यात गेला. दादा पुढच्या सर्व्हिससाठी वळली होती. चेंडू जाळ्यावरून उसळला आणि तिच्या टाचेपाशी येऊन पडला. शिट्टी वाजली. समोरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

सगळ्या हात मिळवून बाहेर आल्या तरी दादा आत होती. जाळ्यापाशी गेली, तळवा उघडून जाळ्यावर दाबला. जाळ्यानं तिचा हात मागे ढकलला. तिनं पुन्हा दाबला. मी तिला आणायला गेले तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताठ हाय गो. कार्टून खरा सांगत होता." मग थोड्या वेळानं, "जाळा मी बांधला होता." आजही कोणी मला विचारलं तर तिथं काय बोलायला हवं होतं ते मला सांगता येणार नाही.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात तिनं आम्हाला ओढतच नेलं. कोणालाच जेवण जाणार नव्हतं. तिनं सगळ्यांसाठी मिसळ मागवली आणि म्हणाली, "खा. त्यांनी काय केलानी? जेवल्या ना? मग खा." आम्ही रडत रडत मिसळ खाल्ली. शेजारच्या टेबलावरचा माणूस वेटरला म्हणाला, तिखट कमी करा रे, पोरींना सोसत नाही. त्यावर दादाच पहिल्यांदा हसली. नंतर हसता हसता तिचं रडणं सुरू झालं, ते बस मालगुंडला पोचेपर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानात गेले ते राहिलेला डबा आणायला. दादा तिथं आधीच होती. काका थोड्या अंतरावर जाळं दुरुस्त करत बसले होते. बायकांना तिनं अर्धी जागा सोडायला सांगितली होती, एका कडेला जवळा आणि एका कडेला ती. आमच्या जाळ्याच्या खालच्या कडेत ती दोर ओवत होती. ओवून झाल्यावर एकेका वाशाला पाय लावून तिनं तो ताणला, गाठी मारल्या, मग लांब जाऊन चेंडू जाळ्यात फेकला. चेंडू थोडासा परत आला. तिला पुरेसं वाटलं नाही. तिनं गाठी सोडल्या आणि पुन्हा ताणला. मी विचारलं, "आता कशाला गं? तुझं तर संपलं." बोलून गेले. ती म्हणाली, "माझा संपला. तुझा हाय ना अजून एक वर्ष." आणि मला शेजारी बसवून ती गाठ कशी मारायची ते शिकवलं. दोर सैल झाला तर कोण घट्ट करणार, म्हणाली.

काकांनी आपला शब्द पाळला. हरल्यावर कंपनी म्हणजे कंपनी. दादानंही एक अक्षर काढलं नाही. परीक्षा झाली आणि ती मिरजोळ्याला जायला लागली. दिवसभर बर्फातली कोळंबी हातात. ती आमची लिफ्टर होती, चेंडू उचलून देणारी. तिची सगळी करामत बोटांच्या टोकांत. हातमोजे घालूनही ती टोकं पांढरी पडायची, गार राहायची. सुट्टीच्या दिवशी मैदानात यायची तेव्हा आधी हात मांड्यांवर चोळत बसायची. मग मला चेंडू उचलायला शिकवायची. "धरायचा नाय. पायरीवर पोर उभा असला की कसा वर घेतो, तसा घ्यायचा आणि पुढच्याकडे द्यायचा." मला जमेना, तेव्हा म्हणाली, "बारकी, घाबरतेस काय?" त्या दिवसापासून मी बारकी झाले.

पुढच्या वर्षी आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो. विभागात जिंकलो, राज्यात तिसऱ्या आलो. त्या खेळाच्या जोरावर मला पुढे एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. जिल्ह्याच्या फायनलला दादाला येता आलं नव्हतं, कंपनीत तिची कामाची पाळी होती. मी स्टँडवरून तिला फोन केला. तिनं जिंकलात का असं विचारलंच नाही. आधी विचारलं, "जाळा कसा होता?" मी म्हटलं, "ताठ." "परत आलेला उचललात?" "उचलला." पलीकडे मशीन चालूच होतं. मग ती म्हणाली, "मिसळ खाऊन घ्या," आणि फोन ठेवला.

काही वर्षांनी मला मालगुंडची फेरी मिळाली तेव्हा दादा रोजच माझ्या गाडीत. दाराजवळच्या सीटवर बसायची. "दे तिकीट, कंडक्टरबाई," असं म्हणून सगळ्यांसमोर मला सलाम ठोकायची. मी पास बघितल्याशिवाय सोडणार नाही म्हणायची, मग ती पर्समध्ये उगाच शोधत बसायची. गाडीत पोरं मोबाइलवर कार्टून बघताना दिसली की वाकून विचारायची, "कोण हरला रे?" तिचं स्वतःचं लग्न जमत होतं, मोडत होतं, त्यातलं ती हसण्यावारी न्यायची. रविवारी खाडीवर नव्या मुलींना शिकवायची, त्यांनाही आवाज काढून तेच कार्टून दाखवायची. मला वाटायचं, चाललंय तिचं बरं.

एकदाच ती वेगळं बोलली. गाडी रिकामी होती, मी तिच्या शेजारी टेकले होते. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुमनचा पुढे काय झाला ते दाखवलानीच नाय गो. बारकीचा दाखवलानी, टीमचा दाखवलानी. सुमन गेली ती गेली. मला वाटायचा, तिचा पण एखादा भाग काढतील." मी म्हटलं, निघेल पुढं कधीतरी. तिनं मान हलवली. आपलं उतरायचं ठिकाण आलं असं काहीतरी म्हणून ती उठून दाराशी उभी राहिली. तिचं ठिकाण अजून लांब होतं.

गेल्या श्रावणात तिला ताप आला. पायाला कुठंतरी कापलं होतं आणि ती त्याच पायानं पाण्यातून ये-जा करत होती. दुकानातली गोळी घेऊन कामावर जात राहिली. माझ्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसलेली बघून मी चिडले, डॉक्टरकडे जा म्हणून चारचौघांत ओरडले. "आज पाळी झाली की जाते," म्हणाली. दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते. लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. डॉक्टरांनी हात झटकले नाहीत, पण उशीर झाला होता. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरला. तिची बोटं पहिल्यांदाच गरम लागली. म्हणाली, "रविवारी पोरींना भाग दाखवायचा राहिला. तू दाखव." मी म्हटलं, "आवाज कोण देणार?" "तू दे. आता चांगला कंडक्टरचा गळा झालाय तुझा." मी म्हटलं, तूच ये आणि दे. मला तिचं ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मला राग येत होता, कोणावर ते कळत नव्हतं. मी गाडीत लोकांवर खेकसत होते. दादाची सीट रिकामी दिसली की तिथं कोणी बसू नये असं वाटायचं, आणि कोणी बसलं नाही की ते जास्त वाईट वाटायचं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. काकांची होडी वरच राहिली.

दिवसकार्य झाल्यानंतर माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. काका पडवीत दादाचा मोबाइल हातात घेऊन बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मोबाइल पुढे केला. "ती पोरींना ते काय दाखवायची, ते यातच असेल ना? मला दाखव. मी कधी बघितला नाय." त्यांना त्या खालच्या इंग्रजी अक्षरांमधलं काही कळणार नव्हतं. मी मोबाइल तांब्याला टेकवला. आवाज बंद केला. मग सुमनला घोगरा आवाज दिला, बारकीला किनरा, डुलकी सरांना नाकातला. सुमन चिडली तेव्हा मी म्हटलं, "काय गो भवाने, डोळे काय घरी ठेवून आलीस?" काका हसले. हसता हसता पंच्यानं तोंड पुसलं.

मग दर सुट्टीला मी जात राहिले. काका वाट बघत बसलेले असायचे. चेंडू जाळ्यातून परत येतो तो भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "ह्याच्यासाठीच ती दोर मागायला आलेली होय?" मला ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे दोर मागितलान. मला वाटला, खेळ संपला, आता जाळा सोडून आणून देईल. मी दिला. ती तर बांधतच बसली. मला काय कळला नाय तेव्हा. विचारला पण नाय." मग ते उठून वर ठेवलेल्या होडीपाशी गेले, आणि मी पुढचा भाग त्या दिवशी लावला नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला सुमनची टीम हरली. शेवटचा चेंडू पडला, शिट्टी वाजली, समोरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला त्या दिवसाचा दादाचा तळवा आठवत होता, जाळ्यावर दाबलेला. मी कशीबशी सगळ्यांचे आवाज पुरे केले. काकांनी हात पुढे करून मोबाइल उचलला, स्क्रीन आपल्याकडे वळवून बघितली आणि मांडीवर पालथा ठेवला.

"हरल्या ना," ते म्हणाले. "संपला मग. आता काय उरला बघायला?"

मी म्हटलं, "नाही काका. आता तर खरी गोष्ट सुरू होते."

मग त्यांनी मोबाइल सुलटा केला, पंच्यानं पुसला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा तांब्याला टेकवला.

"सांग," म्हणाले. "ती सांगायची तसा सांग."

त्या भागात सुमनला वेगळा आवाज द्यायचा नसतो. मी माझ्याच आवाजात सांगायला सुरुवात केली.